बारा ते एकची ओळ

किन्हवलीच्या अलीकडे रस्त्याला लागून जे गाव आहे, तिथे यमाजी निमसे यांना कुणी यमाजीराव म्हणत नाही, निमसे म्हणत नाही. सगळे मास्तर म्हणतात. खरं तर ते कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते. शहापूरच्या बाजारपेठेत एका किराणा दुकानाच्या माडीवर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. आठ मशीन इंग्रजी, चार मराठी. तालुक्यात कोर्टापासून पंचायत समितीपर्यंत जी माणसं कारकून म्हणून लागली, त्यातली निम्मी त्या माडीवर बोटं दुखवून गेलेली.

मग मशीनवरच्या परीक्षा बंद झाल्या. मुलं कॉम्प्युटरकडे गेली. मास्तरांनी मशीन भंगारात काढली, एक मराठी मशीन तेवढं घरी आणलं आणि कॉटखाली ठेवून दिलं. त्याची रिबन आता मिळत नाही.

गावात मास्तरांचं एक काम मात्र राहिलं होतं. हनुमान जयंतीला धरून गावात हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस मारुतीपुढे वीणा उभी असते. एकाच्या हातातून दुसऱ्याने घ्यायची, दुसऱ्याकडून तिसऱ्याने. ती जमिनीला टेकायची नाही. टेकली तर सप्ताह मोडला. म्हणून कुणी कोणत्या वारी कोणत्या तासाला पहाऱ्याला उभं राहायचं, याचा एक मोठा तक्ता देवळाच्या खांबाला लावतात. वर आडवे वार, डावीकडे उभे तास, मध्ये नावं. हा तक्ता वर्षानुवर्षं मास्तरांच्या मशीनवर निघायचा. रेघा आखलेल्या नसत, तरी नावांच्या खाली नावं अशी उभी राहत की जणू ओळंबा लावला आहे. लोक म्हणायचे, मास्तरांचा तक्ता कधी चुकत नाही. वर्षातून एकदा ऐकायला मिळणारं हे वाक्य मास्तरांना पुढच्या सप्ताहापर्यंत पुरायचं.

यंदा मशीनला रिबन नव्हती. सप्ताहाचे अध्यक्ष रविंद्र पाटील बैठकीत म्हणाले, "मास्तर, तुमी कशाला त्रास घेता? पोरांना सांगतो, मोबाईलवरच टाकतील."

मास्तर सहसा बैठकीत बोलत नाहीत. पण त्या दिवशी बोलले. "तक्ता मीच देणार. यंदा जावामध्ये."

"जावा म्हंजे फटफटी ना?" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

कॉम्प्युटरची ही जावा भाषा त्यांना नातीकडून समजली होती. दामिनी मुरबाडला कॉलेजात कॉम्प्युटर शिकते, होस्टेलला राहते. पाडव्याच्या सुट्टीत आली तेव्हा ओटीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. मास्तर मागून बघत होते. ती सांगत गेली. एक आज्ञा असते, ती मजकूर छापते आणि पुढच्या ओळीवर जाते. दुसरी छापते आणि त्याच ओळीवर थांबते. आणि तिसरी, तिला प्रिंटएफ म्हणतात, तिला आधी सांगाडा द्यायचा असतो. टक्क्याचं चिन्ह म्हणजे इथे काहीतरी येणार आहे, जागा धरून ठेव. पुढे आकडा लिहिला तर तेवढी घरं राखून ठेवते. आकड्याआधी उण्याचं चिन्ह दिलं तर नाव डावीकडे चिकटवते आणि उरलेली घरं मोकळी सोडते. आकडे असतील तर हवं तिथे पुढे शून्यसुद्धा लावून देते.

मास्तर हळूच म्हणाले, "अगो, हे तर टॅब्युलेशन."

"म्हणजे?"

"म्हणजे आम्ही हेच शिकवायचो. सगळ्यात लांब नाव मोजायचं, त्यात दोन घरं मिळवायची, तिथे टॅब लावायचा."

"अय्या, आबा, तुम्हाला तर येतंय की." दामिनी हसली. मास्तरांना त्या हसण्याने किती वर्षांनी अंगात ऊब आल्यासारखं वाटलं. क्लासच्या माडीवरून उतरल्यापासून जग त्यांना न समजणाऱ्या भाषेत बोलत होतं, आणि आज त्यातलं एक वाक्य त्यांना कळलं होतं.

बैठकीनंतर दोघांनी मिळून तक्त्याचा प्रोग्रॅम लिहिला. घरांचे आकडे मास्तरांनी काढले. दामिनीने आधी इंग्रजी अक्षरांत खोटी नावं घालून पाहिली. तक्ता उभाच्या उभा, सरळ. मग मराठी नावं घातली तर ओळी जरा हलल्यासारख्या दिसल्या.

"आबा, मराठीत काहीतरी गडबड होते बहुतेक. मी त्यापेक्षा चौकटी आखून देते ना तुम्हाला. पाच मिनिटांचं काम."

"चौकटी आखून कुणीपण देईल." मास्तर म्हणाले. "मी बैठकीत जावा म्हटलंय."

"बरं. छापलात की मला फोटो पाठवा. मी बघते."

ती परीक्षेला गेली, जुना लॅपटॉप घरी ठेवून. नावं मास्तरांनी भरली. यंदा पहाऱ्यात वाडीतली नावंही घ्यायची असं ठरलं होतं. गावाच्या कडेला ओढ्यापलीकडे जी वाडी आहे, तिथले लोक वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर जातात, सप्ताहाच्या जेवणाला येऊन शेवटच्या पंगतीत बसतात. वीणा त्यांच्या हातात आजवर कधी गेली नव्हती. पहिलंच नाव लडकू हिलमचं आलं. मास्तरांनी त्याला शुक्रवारी दुपारी बारा ते एक ही वेळ दिली.

ती वेळ कुणालाच नको असते. उन्हाने मंडप तापलेला, पोटात भूक, ऐकायला चिटपाखरू नाही. मास्तर ती ओळ नेहमी अशांच्या नावांनी भरत आले, जे तक्रार करणार नाहीत. हे त्यांनी कधी मनात शब्दांत मांडलं नव्हतं. हात आपोआप तसा जायचा.

तक्ता किन्हवलीला शामच्या झेरॉक्सच्या दुकानात छापला. कागद मोठा, अक्षर ठळक. शामने तो उजेडात धरला. "मास्तर, उजवीकडच्या ओळी पळतायत हो आत."

मास्तरांनी पाहिलं. डावीकडे सगळं ठीक होतं. उजवीकडे काही ओळींची नावं आत सरकली होती. मशीनवर कागदाची पकड सैल झाली की असंच व्हायचं, हे त्यांना चाळीस वर्षं ठाऊक होतं.

"तुझा कागद सरकला असेल."

"माझं मशीन नवीन हाय, मास्तर. अजून वारंटीत हाय."

"नवीन म्हणजे सरकत नाही असं नाही." मास्तर म्हणाले आणि गुंडाळी करून निघाले. रात्री दामिनीचा मेसेज आला, फोटो पाठवा ना. त्यांनी एकेक अक्षर शोधून उत्तर लिहिलं. छान आला आहे. फोटो पाठवला नाही.

सप्ताह रविवारी बसला. पहिले तीनचार दिवस सगळं सुरळीत. येणारा-जाणारा खांबापाशी थांबे, बोट लावून आपलं नाव शोधे. रविंद्र पाटलांनी पाहुण्यांना दाखवलं, "हे आमच्या मास्तरांनी कॉम्प्युटरमध्ये बनवलंय. जावा." मास्तर खाली मान घालून ऐकत.

गुरुवारी बारा ते एकच्या पहाऱ्याला म्हातारा रंगू वेखंडे जरा आधीच येऊन उभा होता. बाराला थोडं कमी असताना लडकू आला. धुतलेला सदरा, डोक्याला टॉवेल. ओढ्यावर अंघोळ करून आलेला. रंगूने विचारलं, "तू आज रं?"

"कागदावर आज हाय, बाबा."

रंगूने खांबाकडे नजर टाकली. गुरुवार या शब्दाच्या खाली दोन नावं जवळजवळ दिसत होती, एक जरा डावीकडे, एक जरा उजवीकडे. "दोघांचं असंल मग. धर, थोडा वेळ तू धर." त्याने वीणा दिली. लडकूने ती अशी घेतली की जणू कुणाचं तान्हं मूल घेतोय. एक वाजेपर्यंत तोच उभा राहिला. रंगू बाजूला बसून टाळ वाजवत राहिला. मग लडकू पाया पडून गेला. शुक्रवारी पहाटेच्या एसटीने तो मुरबाडकडे कामावर निघून गेला.

शुक्रवारी अकराचा पहारा भागीबाईचा होता. मास्तरांच्या शेजारची विधवा म्हातारी, मास्तरांपेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेली. बारा वाजले, कुणी आलं नाही. मंडपात एक कुत्रं तेवढं पडलेलं. वीणा हातात असताना हाक मारता येत नाही, मुखाने नाम चालू ठेवायचं असतं. खाली ठेवता येत नाही. ती उभी राहिली. एकचा पहारेकरी भरत जेवून, जरा आडवा होऊन रमतगमत आला, तेव्हा भागीबाईचे ओठ नुसते हलत होते आणि वीणेचा भोपळा फरशीपासून वीतभर वर लोंबत होता. भरतने धावत जाऊन आधी वीणा धरली, मग म्हातारीला. पाणी मारलं, खांबाला टेकवून बसवलं. वीणा टेकली नाही एवढंच.

संध्याकाळी हरिपाठानंतर मंडपात माणसं जमली, भागीबाईलाही आणून बसवलं. लडकूला वाडीतून बोलावून आणलं. पायाला सिमेंट तसंच होतं.

"काय रे लडकू," रविंद्र पाटील म्हणाले, "पहिल्यांदा नाव घेतलं तर हे?"

"मी आल्तो दादा. काल आल्तो."

"काल कुणी बोलावलं होतं तुला?"

"कागदावर गुरुवारखालीच नाव होतं."

"आलेला तो," रंगू मध्ये म्हणाला. "माझ्याकडून वीणा घेतली त्यानं. चांगला उभा राहिला."

"तू उभा होतास म्हंजे तुझा दिवस होता ना? मंग ह्याला कळू नये?" रविंद्र पाटील खांबापाशी गेले आणि डावीकडून बोट ठेवत नावं मोजली. "हे बघ. रवि, सोम, मंगळ, बुध, गुरु, शुक्र. सहावं नाव तुझं. मोजता येतं ना?" मग ते वळले. "मास्तर, शुक्रवारच ना?"

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर मागच्या चटईवर बसले होते. लडकू "गुरुवारखाली" म्हणाला त्याच क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे शामचं दुकान आलं होतं. ओळी पळतायत हो. बसल्या जागेवरूनही त्यांना आता दिसत होतं. नाव मोजत गेलं तर ते सहावं होतं, आणि नावावरून सरळ वर नजर नेली तर डोक्यावर गुरुवार होता. दोन्ही बरोबर होतं. तक्ता चूक होता.

 एवढ्या माणसांत उठून काय म्हणायचं? कागद सरकला? जावा चुकली? ज्या एका गोष्टीसाठी गाव त्यांना मास्तर म्हणत होतं, ती गोष्ट याच खांबावर वाकडी लटकत होती.

"शुक्रवारच," ते म्हणाले.

लडकूने त्यांच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण पाहिलं. मग पाटलांना म्हणाला, "मंग माझीच चुकी, दादा. मला नीट वाचता आलं नसंल."

"म्हणूनच म्हणत होतो," कुणीतरी मागून बोललं, "मान दिला तरी घेता यायला हवा."  मास्तर आपली चप्पल शोधू लागले.

घरी येऊन त्यांनी दामिनीला फोन लावला. आडून आडून विचारलं. तिने लगेच ओळखलं.

"आबा, तुमच्या मशीनवर उकार, मात्रा मारली की कागदाची गाडी पुढे सरकायची का?"

"नाही. ती अक्षराच्याच घरात बसायची. अनुस्वारसुद्धा."

"तेच. जावाला ते माहीत नाही. ती उकारालाही एक घर मोजते, मात्रेलाही. तुमच्या डोळ्याला नाव छोटं दिसतं, तिला मोठं वाटतं, म्हणून ती मोकळी जागा कमी सोडते. मग पुढचं नाव डावीकडे येतं. त्याच्या पुढचं आणखी. ज्या ओळीत अशी नावं जास्त, ती ओळ जास्त सरकणार. म्हणून पहिले वार बरोबर दिसतात आणि शेवटचे चुकतात."

मास्तरांना क्लास आठवला. मुलांना ते माडीवर पहिल्याच दिवशी सांगायचे, उकाराला गाडी हलत नाही, त्याचं घर मोजू नका. तेच गणित त्यांनी इथे मांडलं होतं. एकदाही विचारलं नव्हतं की समोरचं यंत्र दुसरं आहे.

"म्हणून फोटो मागत होते मी. कुणाचा काही घोटाळा झाला का?"

"नाही गो. काही नाही." फोन ठेवल्यावर त्यांना कळलं की हे आज दुसऱ्यांदा झालं.

रविवारी काल्याचं कीर्तन झालं, हंडी फुटली. मग पहारेकऱ्यांना नारळ आणि टोपी द्यायचा कार्यक्रम. एकेक नाव पुकारलं जात होतं. लडकूचं नाव वगळलं होतं. तो आला होता, मंडपाच्या कडेला बायका-पोरांमागे उभा होता. भागीबाईचं नाव आलं तेव्हा लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. तिने नारळ घेतला, पण हात वर उचलता येत नव्हता म्हणून पदरातच घेतला.

शेवटी रविंद्र पाटील म्हणाले, "आणि आपल्या तक्त्याचे मानकरी, यमाजी मास्तर."

मास्तर उठले. पुढे गेले. नारळ हातात आला. त्यांनी ठरवून आणलेलं वाक्य पाटलांच्या कानाशी निघालं, माईकपासून लांब. "रविंद्र, ती चूक माझी होती. तक्त्याची. लडकूची नव्हे."

पाटलांनी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवत ठेवत ऐकलं. चेहरा बदलला, पण हसू तसंच. "असू दे, मास्तर. आता काला झाला. कशाला उकरायचं? पोरं जेवायची थांबलीत." आणि माईकवर म्हणाले, "टाळ्या."

टाळ्या झाल्या. मास्तर नारळ घेऊन खाली उतरले. कडेला पाहिलं तर लडकू गेलेला होता.

उन्हं कलल्यावर ते ओढा ओलांडून वाडीत गेले. एवढी वर्षं गावात राहून ओढ्यापलीकडे ते आलेच नव्हते, हे त्यांना वाडीतल्या कुत्र्यांनी भुंकून सांगितलं. लडकूच्या अंगणात त्याची बायको संगीता सुकलेली मोहाची फुलं सुपात भरत होती. ती उठून उभी राहिली. पाणी विचारावं की नाही, अशी घुटमळली. मास्तरांनीही मागितलं नाही.

लडकू आतून आला. "बसा ना, मास्तर." बाज पुढे ओढली.

मास्तर बसले नाहीत. "लडकू, तक्ता चुकला होता. तू बरोबर आला होतास."

"ठाऊक हाय मला."

"ठाऊक आहे?"

"आमची जयश्री सातवीला हाय. तिनं नावावर बोट ठेवून वर नेलं, गुरुवार आला. मी पण नेलं. दोघांना गुरुवार आला."

"मग त्या दिवशी माझीच चुकी असं का म्हणालास?"

लडकूने सुपातलं एक फूल उचलून बोटात चुरलं. "तुमी खरं बोलला नाय. कुनाला तरी बोलायलाच लागलं असतं, नायतर रातचं कीर्तन मागं पडलं असतं. भागी आयला तसंच बसवलं होतं सगळ्यांनी."

मास्तरांनी नारळ पुढे केला. "हा तुझा."

"नको. तुमचा हाय तो. तक्त्याचा." त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणून ते जास्त लागलं. "आन मास्तर, मला सांगून काय फायदा? मी तर तिथं होतो. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांगा. पुढल्या वर्षी वाडीतलं नाव कोन घेनार आता?"

संगीता पटकन म्हणाली, "असं बोलू नये मोठ्या मानसाला."

"बोलू दे," मास्तर म्हणाले. ओढ्याच्या दगडावरून परत येताना त्यांचा तोल गेला आणि एक चप्पल पाण्यात भिजली. त्यांना ते बरंच वाटलं.

सोमवारी सकाळी ते लवकर देवळात गेले. मंडप सोडायचं काम चालू होतं, पण तक्ता अजून खांबाला होता. त्यांनी पट्टी आणि लाल पेन्सिल नेली होती. वरच्या प्रत्येक वाराच्या दोन्ही बाजूंनी एकेक सरळ रेघ ओढली, खालपर्यंत. मशीनवर ज्या रेघांची त्यांना कधी गरज पडली नव्हती, त्या. बारा ते एकच्या ओळीत लडकूचं नाव गुरुवारच्या रेघांच्या आत पडलं, जवळजवळ अख्खं. आता ते कुणालाही दिसलं असतं.

देवळापुढेच एसटीचा थांबा. शहापूरला जाणारी माणसं तिथे उभी राहतात. मंडळींपुढे उभं राहून बोलणं मास्तरांना या जन्मात जमणार नव्हतं, हे त्यांना काल्याच्या दिवशी पुरतं कळलं होतं. एकाशी बोलता येतं. म्हणून ते खांबाशेजारच्या पायरीवर बसले आणि जो येईल त्याला बोलावू लागले.

पहिला भरत आला. "काय मास्तर, आज क्लास?"

"इकडे ये. हे बघ. हे नाव कोणत्या वाराखाली आहे?"

"गुरुवार. अरे." तो थांबला. "मंग लडकू..."

"लडकू बरोबर आला होता. मी चुकलो. मला छापतानाच दिसलं होतं आणि मी पुढे रेटलं. शुक्रवारी मला विचारलं तेव्हाही मला कळलेलं होतं." प्रत्येक वाक्यानंतर त्यांना श्वास घ्यावा लागत होता.  भरत "बरं, बरं" म्हणत थांब्याकडे गेला आणि तिथे कुणाशी तरी कुजबुजला. दोघांनी वळून पाहिलं.

मग दुसरा आला. मास्तरांनी पुन्हा तेच सांगितलं, तेवढंच, एक शब्द कमी न करता. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, पण गेलं नाही. एका बाईने पदर तोंडाला लावला. एक जण म्हणाला, जाऊ दे हो मास्तर, माणूसच आहे. त्याचा त्यांना राग आला, पण त्यालाही पूर्ण सांगितलं. रविंद्र पाटील मोटारसायकलवरून आले, लाल रेघा पाहिल्या, गाडी बंद न करता जरा थांबले आणि पुढे गेले. मास्तर त्यांच्या पाठीला म्हणाले, "पुढच्या वर्षी बारा ते एक माझं नाव टाक. सातही दिवस." ते त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

भागीबाई काठी टेकत देवाला आली. तिला वाचता येत नाही. मास्तरांनी तिचं बोट धरून रेघेवरून वर नेलं आणि सांगितलं. ती ऐकत राहिली.

"म्हंजे मी उभी होते ती तुझ्यापायी?"

"हो."

"आन त्या लडक्याला बोलले सगळे."

"हो."

तिने बोट सोडवून घेतलं. "माझ्या खांद्यांचं दुखनं अजून उतरलं नाय, यमा," ती म्हणाली आणि मारुतीपुढे गेली. तिने घंटा वाजवली नाही, तेवढा हात वर जात नव्हता.

थांब्यावर एसटी आली. कुणी उतरलं, कुणी चढलं. मास्तर पायरीवरच बसून राहिले, पट्टी मांडीवर ठेवून. डोळे रस्त्यावर होते. अजून बरीच माणसं यायची होती.